आव नव्हे, आतड्याचा क्षोभ

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर गेले की मंडीदीप लागते. रायसेन जिल्ह्यातील हे एके काळचे लहानसे गाव गेल्या चार-पाच दशकांत कारखान्यांचे नगर होऊन बसले आहे. ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड, औषधे, सूत, ट्रॅक्टर अशा नाना वस्तू येथे तयार होतात. त्या तयार करणारी माणसे चहूकडून आलेली असतात, आणि त्यांत बैतूल, मुलताई, पांढुर्णा या पट्ट्यातील मराठी बोलणारेही असतात. या नगरात घरोघरचे घड्याळ सूर्यावर चालत नाही, ते पाळ्यांवर चालते. एक आठवडा सकाळची पाळी, दुसरा दुपारची, तिसरा रात्रीची. जेवणाची वेळ बदलते, झोपेची बदलते, आणि त्यांच्या मागोमाग शौचाचीही बदलते.

अशा नगरात ज्या दुखण्याविषयी उघडपणे कोणी बोलत नाही, परंतु ज्याच्यावर पैसा मात्र पुष्कळ खर्च होतो, त्याचे स्वरूप साधारणतः असे असते. तिशी-पस्तिशीचा एक कामगार आहे असे समजावे. कामावर निघण्याच्या तासभर आधी त्याच्या पोटात मुरडा येतो. शौचास जाऊन आल्यावर बरे वाटते, पण पोट साफ झाले असे वाटत नाही. पुन्हा जावे लागते, कधी तिसऱ्यांदाही जावे लागते. बसमध्ये चढल्यावर त्याचे मन वाटेत सोय कोठे आहे याचाच हिशेब करीत असते. कारखान्यात यंत्र सोडून जायचे तर मुकादमाची परवानगी लागते, आणि ती दिवसातून किती वेळा मागावी याची लाज वाटते. संध्याकाळी पोट ढोलासारखे फुगते. कधी शौचाबरोबर पांढरी शेम पडते, आणि ती पाहिली की घरातील वडीलधाऱ्यांपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सर्वांचा एकच निवाडा होतो : आव झाली.

येथून पुढचा प्रवास ठरलेला असतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पाच दिवस, तोंडाला धातूची चव आणि चार दिवस जरा बरे. मग पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या, पुढे दोन औषधांची जोडगोळी. दोन-तीन वर्षे अशी गेली की सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते, एखादा भोपाळला जाऊन दुर्बिणीने आतडेही तपासून घेतो. सर्व काही निर्दोष निघते. आणि मग ज्या घरात काल आव होती त्याच घरात आज ‘याला काही झालेले नाही, सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हटले जाते. रोग्याच्या दृष्टीने हा दुसरा निवाडा पहिल्यापेक्षाही वाईट. पहिल्याने निदान दुखणे खरे मानले होते.

वस्तुतः हे दोन्ही निवाडे चुकीचे आहेत. या दुखण्याला नाव आहे, त्याची लक्षणे ठरलेली आहेत, आणि ती नीट विचारून घेतली तर बहुतेकांच्या बाबतीत निदान पहिल्या-दुसऱ्या भेटीतच होऊ शकते. इंग्रजीत त्याला इरिटेबल बाउल सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी त्याचे ‘आयबीएस’ झाले आहे. मराठीत आतड्याचा क्षोभ म्हणावे. आपल्याकडील जुन्या वैद्यकाला अशा तक्रारी अपरिचित होत्या असे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि संग्रहणी हा शब्द आजही खेड्यापाड्यांत चालतो. मात्र त्या एका शब्दाखाली आज वेगवेगळे ओळखले जाणारे अनेक विकार एकत्र नांदत होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

आवेचा निवाडा इतका चिवट का ठरला, याला एक कारण आहे. रोग्याचे शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यात पुष्कळदा अमीबाच्या गाठी दिसतात. कागदावर ‘अमीबा सापडला’ असे लिहून आले की डॉक्टरही निरुत्तर होतो. परंतु अमीबा दिसणे आणि अमीबाने रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुंप्ट याने १९२५ सालीच असे सुचविले होते की, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसणारे दोन अमीबा आहेत. एक आतड्याला जखम करतो, दुसरा निरुपद्रवी पाहुणा म्हणून राहतो. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९३ साली मात्र नव्या पुराव्यांच्या आधारे या दोहोंची फारकत शास्त्राने मान्य केली, आणि लोकांच्या शौचात सापडणारे बहुसंख्य अमीबा हे त्या निरुपद्रवी जातीचे असतात असे दिसून आले. १९९७ साली भारतीय सैन्यदलातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात थेट प्रश्नच विचारला की, रक्ती आवेवाचून नुसती पोटाची कुरकुर करणारा ‘जुनाट अमीबा’ अस्तित्वात तरी आहे काय? त्यांच्या अभ्यासाचे उत्तर नकाराकडे झुकणारे होते. इतके झाल्यावरही दुकानाच्या फळीवरून त्या गोळ्या पूर्वीसारख्याच खाली उतरतात, हे सवयीचे बळ म्हणावयाचे.

शेमेचेही तसेच आहे. भारतीय जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने देशातील अनेक केंद्रांतून रुग्णांची माहिती गोळा करून २००८ साली प्रसिद्ध केली. ज्यांच्या आतड्यात कोणताही उघड दोष सापडला नव्हता अशा पावणेतीन हजारांवर रुग्णांची ती माहिती होती. त्यांतील निम्म्याहून अधिकांना शौचाबरोबर शेम पडत असे. म्हणजे ज्या एका खुणेवर घरोघरी आवेचे निदान होते, ती खूण आतड्याच्या क्षोभातही सर्रास आढळते. चारांपैकी तिघांची तक्रार पोट साफ न झाल्याची होती. त्याच पाहणीत सर्वसाधारण समाजातील ४५०० माणसांनाही प्रश्न विचारण्यात आले, आणि त्यांतील शंभरांमागे चारांना हा विकार असल्याचे दिसले. पाश्चात्य देशांत हा विकार स्त्रियांत अधिक सांगतात. येथील रुग्णांत मात्र पुरुष दोनतृतीयांशांहून अधिक होते. आपल्याकडील स्त्रियांची पोटे अधिक शांत आहेत असा याचा अर्थ घेण्याची घाई करू नये. दवाखान्याची पायरी चढण्याची सवड आणि मुभा कोणाला अधिक असते, एवढेच कदाचित ते आकडे सांगत असतील.

मग आतड्यात बिघडते ते काय? आतडे ही नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे एक विस्तीर्ण जाळे आहे, आणि ते मेंदूशी अहोरात्र बोलत असते. निरोगी माणसाच्या बाबतीत हे बोलणे त्याच्या कानी पडत नाही. आतड्याचा क्षोभ झालेल्याच्या बाबतीत ते मोठ्या आवाजात होते. ब्रिटिश वैद्य जेम्स रिची याने १९७३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात लहानसा फुगा ठेवून त्यात हळूहळू हवा भरली. ठरावीक प्रमाणात फुगल्यावर निरोगी माणसांपैकी फारच थोड्यांना वेदना झाल्या, परंतु या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना त्याच फुग्याने कळ आली. फुगा तोच, हवा तितकीच. फरक होता तो आतड्याच्या संवेदनेत. ‘गॅस झाला’ म्हणून तळमळणाऱ्या माणसाच्या पोटात इतरांपेक्षा फार अधिक वायू असतोच असे नाही. जेवढा आहे तेवढा त्याला बोचतो. दुर्बिणीतून हे दिसत नाही, कारण दुर्बीण भिंत दाखविते, भिंतीतील संवाद दाखवीत नाही. ‘रिपोर्ट चांगला आला, म्हणजे दुखणे खोटे’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

हा संवाद बिघडण्यास निमित्त कोणते होते हेही आता बरेच कळले आहे. १९६२ साली ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह या दोघा डॉक्टरांनी १३० रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे चतुर्थांश रुग्णांचा त्रास हगवणीच्या एका आजारपणापासून सुरू झाल्याचे त्यांना आढळले. पुढे कॅनडातील वॉकर्टन या लहानशा गावी मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात जंतू शिरले. दोन हजारांवर माणसे आजारी पडली आणि सात दगावली. त्या गावाची पाहणी पुढे अनेक वर्षे चालू ठेवण्यात आली, आणि जंतू केव्हाच गेलेले असतानाही कित्येकांची आतडी आठ वर्षांनंतरही क्षुब्धच राहिलेली दिसली. बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी २०२१ साली याचा एक धागा शोधला. संसर्ग चालू असताना पोटात जे अन्न असते, त्याच्याविरुद्धही आतड्याची भिंत प्रतिकाराची तयारी करून ठेवते, आणि पुढे ते निरुपद्रवी अन्न आले तरी तेथल्या तेथे चिडते, असे त्यांना उंदरांत दिसून आले. थोड्या रुग्णांतही त्याला पुष्टी मिळाली. ज्या नगरांत उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात पाणी गढूळ येते, तेथे या शोधाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. म्हणजे ‘आव झाली होती’ हे रोग्याचे म्हणणे पुष्कळदा खरेच असते. ती झाली होती आणि गेलीही. मागे राहिला तो तिचा वळ.

दुसरे निमित्त म्हणजे पाळ्या. आतड्याला स्वतःचे घड्याळ आहे. पहाटे जाग आली, काही पोटात गेले की मोठे आतडे चालू लागते, आणि रात्री ते विसावते. आठवड्यागणिक पाळी बदलणाऱ्याचे आतडे कायमच परगावी आल्यासारखे असते. अमेरिकेत मिशिगन येथे परिचारिकांचा अभ्यास होऊन २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात बदलत्या पाळ्यांवर काम करणाऱ्यांमध्ये हा विकार नुसत्या दिवसपाळीवाल्यांपेक्षा अधिक आढळला. मंडीदीपच्या कामगारांची अशी मोजणी झाली तर तिचा उपयोग तेथील डॉक्टरांइतकाच तेथील व्यवस्थापकांनाही होईल.

निदान कसे करावे याविषयी वैद्यकाचा विचार गेल्या पन्नास वर्षांत पुरता पालटला आहे. पूर्वी सर्व तपासण्या कराव्या, काही न सापडले तर नाइलाजाने हे नाव द्यावे, अशी रीत होती. १९७८ साली ब्रिस्टल येथील मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट वाट दाखविली : दुखू लागले की शौच पातळ होते काय, शौचाला वारंवार जावे लागते काय, जाऊन आल्यावर दुखणे शमते काय, पोट दिसण्याजोगे फुगते काय, असे मोजके प्रश्न विचारावे आणि उत्तरांवरून निदान करावे. पुढे रोम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या प्रश्नांना नियमांचे रूप दिले. २०१६ च्या नियमांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटात दुखले पाहिजे. शिवाय शौचाशी त्या दुखण्याचा संबंध, शौचाच्या वेळांत बदल आणि शौचाच्या घडणीत बदल या तिहींपैकी दोन गोष्टी असल्या पाहिजेत. आणि सुरुवात होऊन सहा महिने झालेले असले पाहिजेत. हे नियम जसेच्या तसे आपल्याला लागू पडतात असे मात्र नाही. आठवड्यातून तीनदा शौचास जाणारा माणूस पाश्चात्य पुस्तकात निरोगी ठरतो. आपल्याकडे दोन दिवस शौचास न झालेला माणूस घरभर अस्वस्थ फिरतो. वर उल्लेखिलेल्या भारतीय पाहणीत तर दहांपैकी तिघांनी पोटदुखीचे नावही काढले नव्हते. त्यांचे सारे गाऱ्हाणे पोट जड राहण्याचे आणि साफ न होण्याचे होते.

तथापि लक्षणांवरून निदान करावे याचा अर्थ डोळे मिटून करावे असा नाही. शौचात रक्त पडत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, बारीक ताप राहत असेल, रक्त कमी झालेले असेल, पोटात गाठ हाताला लागत असेल, कुटुंबात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच हा त्रास सुरू झाला असेल, तर प्रकरण वेगळे समजावे आणि तपासणीस विलंब लावू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे, आणि तो अशाच कुरकुरीचा वेष घेऊन येतो. आणखी एक खूण झोपेची आहे. गाढ झोपेतून उठवून शौचास पळविणारा जुलाब हा क्षोभाचा सहसा नसतो. रात्रपाळीच्या कामगाराला मात्र हा प्रश्न ‘रात्री उठावे लागते काय’ असा विचारून उपयोग नाही. तो रात्री जागाच असतो. त्याची झोप दिवसाची. त्याला झोपेविषयी विचारावे, रात्रीविषयी नव्हे.

गव्हाचा मुद्दाही येथे टाळता येत नाही. भोपाळच्या आसपासचा मुलूख गव्हाचा आहे. सीहोरचा शरबती गहू तर दूरवर प्रसिद्ध. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसे येथे येऊन दोन्ही वेळा पोळी खाऊ लागतात. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याची लव झिजण्याचा सीलिअॅक हा स्वतंत्र विकार उत्तर आणि मध्य भारतात दुर्मीळ नाही, आणि त्याची लक्षणे क्षोभासारखीच असू शकतात. रक्ताच्या एका चाचणीने त्याचा सुगावा लागतो. मात्र ती चाचणी गहू खात असतानाच करावी लागते. कोणाच्या सल्ल्यावरून आधीच गहू सोडून मग चाचणी करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा कागद फसवा निर्दोष येतो. हिमोग्लोबिन, शरीरातील दाह दाखविणारी एक चाचणी, ही सीलिअॅकची चाचणी आणि गरज भासल्यास थायरॉइड, एवढ्यावर तरुण आणि धोक्याच्या खुणा नसलेल्या रुग्णाचे बहुधा भागते.

उपचारांत पहिले औषध म्हणजे स्पष्टीकरण. हे वाक्य ऐकून पुष्कळ रुग्ण हिरमुसतात. परंतु ज्याला वर्षानुवर्षे कर्करोगाची धास्ती पोखरत होती, त्याला त्याच्या आतड्याचा फुगा आणि त्याचा आवाज समजावून सांगितला, की तेवढ्यानेच काहींचे अर्धे दुखणे उतरते. त्यानंतर इसबगोल. आपल्याच मंदसौर-नीमचकडे पिकणारी ही वस्तू जगभरच्या उपचारांत मानाने बसली आहे. नेदरलंडमधील डॉक्टरांनी २००९ साली २७५ रुग्णांवर तुलना करून पाहिली, तेव्हा इसबगोलाने आराम पडला, गव्हाच्या कोंड्याने पडला नाही. उलट कोंडा खाणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्रास वाढला म्हणून तो सोडून दिला. ‘कोठा साफ राहावा म्हणून कोंडा खा’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. इसबगोल थोडे घेऊन हळूहळू वाढवावे, आणि भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. कोरडे फाकू नये.

अन्नाविषयी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेली पद्धत आज बरीच वापरात आहे. आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या आणि आंबून वायू करणाऱ्या काही साखरी काही आठवडे टाळायच्या, आणि मग एकेक करून परत आणायच्या. आपल्या ताटात त्या कांद्यात, लसणात, राजमा-छोल्यांत, गव्हात आणि काहींच्या बाबतीत दुधात असतात. मंडीदीपच्या नाक्यावरील पोह्यांचेच पाहा : पोहे स्वतः निरुपद्रवी, त्यांवर मूठभर कच्चा कांदा आणि शेव, पाठोपाठ दोन कप दुधाचा चहा. दोष कोणाचा हे एकेक वस्तू बाजूला काढल्यावाचून कळणार नाही. ही पद्धत जन्मभराच्या उपासाची नव्हे. परत आणण्याची पायरी गाळली तर माणूस वरणभातावर येऊन वाळतो. सहा महिने ‘पथ्य’ पाळून पाच किलो उतरलेला रुग्ण पाहिला की विकाराचे की पथ्याचे, अशी नवीच शंका डॉक्टरांना काढावी लागते.

औषधे आहेत आणि ती लक्षणांनुसार द्यावयाची आहेत. मुरड्यासाठी आतड्याची ओढ सैल करणारी मेबेव्हेरीन किंवा डायसायक्लोमिनसारखी औषधे, पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या, जुलाबासाठी लोपेरामाइड, ठरावीक रुग्णांत रिफॅक्सिमिन. यांतील एकाविषयी मात्र गैरसमज फार आहे. अॅमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्याचे औषध. फार थोड्या मात्रेत ते आतडे आणि मेंदू यांमधील वाढलेला आवाज खाली आणते. २०२३ साली इंग्लंडमध्ये साध्या दवाखान्यांतील ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेने सहा महिन्यांत खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट अधिक आराम दिला. चिठ्ठीवर हे नाव वाचून दुकानदार ‘ही तर वेड्यांची गोळी’ म्हणाला, म्हणून ती न घेताच परत आलेले रुग्ण असतात. डॉक्टरने ही गोळी देताना दोन मिनिटे अधिक बोलावे, ते याचसाठी. तिने झोप येते, तोंड कोरडे पडते. रात्रपाळीत यंत्रावर असणाऱ्याने ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरला विचारूनच ठरवावे. काही रुग्णांना विचारांच्या सवयी बदलण्याच्या मानसोपचाराचाही लाभ होतो. आतडे मेंदूशी बोलते हे एकदा मान्य केले, की त्यात कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

पाळीवरच्या माणसाला काही गोष्टी स्वतःला करता येतात. पाळी कोणतीही असो, उठल्यावर पहिले खाणे आणि त्यानंतर वीस मिनिटांची सवड एवढे ठरलेले ठेवावे, कारण आतडे घड्याळापेक्षा क्रम लवकर शिकते. रात्रपाळीत दोन वाजता डब्यातील तिखट भाजी संपविण्याऐवजी ती निघण्यापूर्वी खावी, आणि मध्यरात्री हलके काही घ्यावे. जागे राहण्यासाठी चहाचे कप वाढतात. ते तिनांवर थांबवावे. काही गोष्टी मात्र त्याच्या हातच्या नाहीत. शौचालय यंत्रापासून किती दूर आहे, तेथे पाणी आहे की नाही, आणि मुकादमाकडे बोट वर करून किती वेळा जावे लागते, हे कारखान्याने ठरवायचे असते. डॉक्टरची चिठ्ठी असलेल्या कामगाराला विचारल्यावाचून जाऊ देण्याने उत्पादन फारसे घटत नाही. उलट जाता येईल एवढी खात्री असली, की पुष्कळांना जावेच लागत नाही, असे या विकाराचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना वारंवार ऐकावयास मिळते.

पहिल्या भेटीनंतर सहा-आठ आठवड्यांनी रुग्णाने पुन्हा डॉक्टरकडे जावे. मधल्या काळात रोज चार शब्द वहीत लिहावे : पाळी कोणती, काय खाल्ले, दुखले काय, शौच कसे झाले. आणि जाण्याच्या दिवशी काट्यावर उभे राहून वजन लिहून न्यावे, कारण पहिल्या भेटीचे निदान बरोबर होते की नाही, हे ताडण्याची ती एक सोपी आणि बिनपैशाची कसोटी आहे.